निशाणी चार

कूलर घेतला अखजीले,
दारव्ह्याले, गुल्हान्याच्या दुकानातून.
वारंटी एक साल.

दुसरी अखजी याले अकरा दिस बाकी होते
तं दुपारी अडीचले थो एकडाव खोकलला,
अन् वाळ्याच्या टाटीतून
जळल्या शेंगदान्याचा वास आला.
पत्र्याले हात लावून पाह्यला. तव्यावानी.

गुल्हाने म्हने, बाई, तारीख पाहा,
नऊ दिस वरते झाले.
मी म्हनलं, अखजी ते अखजी साल,
अन् अखजी तं अजून आलीच नायी,
औंदा अधिक महिना होता नं भाऊ.
थो म्हने, कंपनीले अधिक महिना नसते.
मंग धोंड्याचे अनारसे
तुमच्या घरी जावई खात नायी काय?
थो हासला.
पंख्याखाली बसून हासला.

कंपनीले फोन लावला.
एक बाई म्हने एक दाबा, दोन दाबा.
मी नऊ दाबून पाह्यलं,
वाटलं, नऊ दिसाचं तिथं कायी असन.

घरी मामंजी खाटेवर.
डावी बाजू लुली, दोन सालापासून,
अन् त्याच बाजूले घाम जास्त.
ओला दुपट्टा टाकला तं
उजव्या हातानं डावीकडचा सारका करत.
बोलत नायी. करत रायते.

मी कॅलेंडरवर दूध लिवते.
एक. एक. अर्धा. नायी. एक.
महिना मांडाचा म्हनून पानं मांगं चाळली
तं मार्चातल्या एका शनिवारी, माह्याच अक्षरात:
कूलरवाला आला, आवाज करते म्हनलं,
पुठ्ठा खोसून गेला, ऐंशी रुपये.
मार्च.
वारंटीच्या पोटातला मार्च!

थ्या मार्चाले पिशवीत घालून
यवतमाळले गेली, ग्राहक आयोगात.
नेवारे बाबू म्हने, पुरावा?
मी टेबलावर कॅलेंडर उलगडलं.
त्यानं शनिवार वाचला,
मंग चष्मा वर करून आजूबाजूचंही वाचलं:
गॅसची टाकी, नंदेचं बाळंतपन, भिशी दोनशे,
अन् अकरा तारखेच्या चौकटीत, बारीक,
आज कोनाशीच बोलली नायी.
तिथं थो जरा थांबला.
मंग शिक्का मारला. निशाणी चार.

झेरॉक्सवाल्याच्या काचेवर पान मावेना.
दोन तुकडे काढले, गोंदानं जोडले,
जोडाखाली आठवडाभराचं दूध गेलं.
अस्सल इथंच राहीन, बाबू म्हने.

पयल्या तारखेले कंपनीचा वकील नव्हता.
दुसऱ्या तारखेले वकील होता, साहेब नव्हते.
तिसऱ्या तारखेले दोघंही होते
अन् लाईन नव्हती,
तं सगळेच आम्ही कागदानं वारा घेत बसलो,
वकील माह्याच अर्जाच्या नकलेनं.

मधात देवराव दूधवाला आला.
म्हने, मांगची बाकी बेचाळीस लिटर.
मी म्हनलं, अडतीस.
म्हने, दाखवा.
दाखवू कुठून बाप्पा,
माहं दूध यवतमाळले, कपाटात, कुलपात.

पौषात निकाल लागला.
नवी मोटर, अन् खर्चाचे अठराशे.
गुल्हान्याचा पोरगा मफलर बांधून आला,
मोटर बसवली, सही घेतली, चहा नको म्हने.
मी टाटीत पानी नायी टाकलं,
नुसतंच बटन दाबलं.
आवाज नायी. पुठ्ठा नायी. वारा.
मामंजी खाटेवरून म्हने,
बंद कर वं, हिव लागते.
तीन दिसात त्यायचं हेच एक वाक्य.
थे मी नव्या कॅलेंडरवर लिवलं.

कॅलेंडर मांगाले एकडाव अजून गेली.
नेवारे बाबू म्हने, अपिलाची मुदत जाऊ द्या.
मी म्हनलं, अधिक महिना धरून का सोडून?
थो कायी बोलला नायी,
कपाटाकडं मात्र पाह्यलं त्यानं.

देवराव रोज येते.
माप ओतताना म्हनते, वहिनी, थे चार लिटर.
मी म्हनते, हाये ना,
सरकारजवळ हाये.